एप्रिलचा मेळ आणि जुलैचे ऊन: रायफलीच्या काडतुसासाठी दारू निवडताना

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या रॅपिड सिटीला राहायला येऊन सहा वर्षे झाल्यावर, २०१९ च्या हिवाळ्यात, मी माझ्या रायफलीची काडतुसे घरी भरू लागलो. अमेरिकेत हा छंद कायदेशीर आहे आणि जुनाही आहे. एकदा उडवलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडात नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवायचा, मोजून दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची, एवढेच त्याचे स्वरूप. पुंगळी, प्रायमर आणि गोळी यांची निवड मी आठवडाभरात उरकली. दारूची निवड करायला मात्र मला तीन उन्हाळे लागले. कोणत्या दारूचे किती ग्रेन भरावेत, याचा आकडा मी येथे मुद्दाम दिलेला नाही. तो ज्याने त्याने दारूच्या उत्पादकाच्या चालू तक्त्यातून घ्यायचा असतो, दुसऱ्याच्या आठवणीतून नव्हे.

काडतुसे कशासाठी हवी होती, हे आधी सांगायला हवे, कारण पुढची सगळी निवड त्यावरच ठरते. साउथ डकोटाच्या पश्चिम भागातील कुरणांत प्रेअरी डॉग नावाचा, खारीच्या कुळातला आणि साधारण आपल्याकडच्या घुशीएवढा प्राणी मोठ्या वसाहती करून राहतो. तो गवत मुळापर्यंत खातो आणि जमीन बिळांनी पोखरतो, म्हणून गुरे पाळणाऱ्यांचा त्याच्यावर राग असतो आणि परवाना असलेल्या माणसाला ते आपल्या जमिनीवर शिकारीची परवानगी देतात. सगळीकडे ही मुभा नाही. बॅडलँड्स या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या कोनाटा बेसिनमध्ये काळ्या पायांचे फेरेट पुन्हा सोडलेले आहेत, त्यांचे अन्नच प्रेअरी डॉग आहे, म्हणून तिथे त्यांची शिकार बंद आहे, आणि ते मला योग्यच वाटते. मी ज्या खासगी कुरणात जातो ते तिथून बरेच दूर आहे.

या शिकारीचे स्वरूप हरणाच्या शिकारीहून अगदी वेगळे असते. हरणासाठी वर्षाला पाचदहा काडतुसे पुरतात; इथे एका दिवसात दोनशे सहज उडतात, तीही जून-जुलैच्या उन्हात, दीडशेपासून तीनशे यार्डांपर्यंत, आणि लक्ष्य जेमतेम चार बोटे रुंद असते. .२२३ रेमिंग्टन हे काडतूस मी याच कारणाने घेतले. .२२-२५० या मोठ्या काडतुसाचा वेग जास्त असतो, पण ते दारूही दीडपट खाते आणि नळी लवकर तापवते; .२२३ चा धक्का इतका सौम्य असतो की गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून स्वतःला दिसते. माझ्या रायफलीची नळी चोवीस इंचांची असून तिच्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) एक फेरा नऊ इंचांत पूर्ण होतो. गोळी ५० ग्रेनची, प्लॅस्टिकच्या टोकाची, हॉर्नडी कंपनीची व्ही-मॅक्स. ती आदळताच फुटते, त्यामुळे सपाट माळावर उसळून भलतीकडे जाण्याचा धोका कमी होतो.

‘ग्रेन’ हे वजन मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवण्यात आला होता, म्हणजे सराफाची एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त भरते. .२२३ च्या एका पुंगळीत सुमारे पंचवीस ग्रेन, म्हणजे तेराचौदा गुंजा दारू बसते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, तेव्हा पौंडाच्या एका डब्यात अंदाजे २८० काडतुसे होतात. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला होता, पण त्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. १८६९ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमचे घड्याळ चाले. पण कारखान्यातल्या गोष्टी ते घरी फारशा बोलत नसत, त्यामुळे दारूविषयी माझे ज्ञान दिवाळीतल्या फटाक्यांपलीकडे गेलेले नव्हते. मी फोनवर ‘दारू निवडतोय’ असे सांगितले तेव्हा आईने फोन अण्णांच्या हातात दिला. जुन्या .३०३ काडतुसातली कॉर्डाइट नावाची दारू कशी शेवयांच्या बारीक जुडीसारखी दिसायची, हे त्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितले. ही शेवयांची उपमा मला पुढे फार उपयोगी पडली.

कारण रायफलीची आजची बहुतेक दारू दोन घाटांची असते. पहिली सोऱ्यातून काढलेल्या शेवयांसारखी: नायट्रोसेल्युलोजचा लगदा साच्यातून दाबून काढतात, आणि त्या दोऱ्यांचे बारीक तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याला मधोमध आरपार भोक असते. दुसरी गोल दाण्यांची, किंचित चपटी, खसखशीहून थोडी मोठी. तिच्यात बहुधा नायट्रोसेल्युलोजबरोबर नायट्रोग्लिसरीनही असते. दोन्ही जळताना धूर फार थोडा होतो. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी अशी दारू बनवली, तेव्हापासून काळी दारू रायफलीतून हळूहळू हद्दपार झाली.

या दोन घाटांपलीकडे महत्त्वाचा असतो तो जळण्याचा वेग. हलक्या गोळीमागे तुलनेने लवकर जळणारी दारू लागते, जड गोळीमागे सावकाश जळणारी. आणि पुंगळी जितकी मोठी व गोळी जितकी बारीक, तितकी दारू सावकाश जळणारी हवी. .२२३ मध्ये ५० ग्रेनच्या गोळीसाठी मधल्या पट्ट्यातल्या डझनभर दारू चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांनी छापलेले वेगाचे तक्ते मी शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा त्यांतला क्रमही काही ठिकाणी जुळेना. असे तक्ते दारूची तोंडओळख करून देतात, तेवढेच. तक्त्यातली शेजारीण आहे म्हणून एका दारूच्या जागी दुसरी तितकीच घालणे म्हणजे स्वतःचे डोळे आणि बोटे पणाला लावणे आहे.

नावांवरून तर काहीच कळत नाही, मात्र त्यांच्या मागच्या हकिकती गमतीच्या असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे उरलेली ४८९५ क्रमांकाची दारू विकत घेऊन ती हौशी लोकांना विकत ब्रूस हॉजडन यांनी आपला व्यवसाय उभारला. त्यांच्या एच ३८० या दारूचे नाव .२२-२५० च्या पूर्वरूपात त्यांना ३८.० ग्रेनचा जो मेळ (दारूचे नेमके वजन आणि गोळी यांची जुळणी) जमला त्यावरून पडले. एच ३३५ चे मूळ लष्करी ५.५६ काडतुसाच्या दारूत आहे. व्हार्गेट हे नाव ‘व्हार्मिंट’ (उपद्रवी प्राणी) आणि ‘टार्गेट’ यांची मोडतोड करून जोडलेले असून ती दारू ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला येथे तयार होते.

पहिल्या उन्हाळ्यासाठी मी गोल दाण्यांची दारू घेतली. एच ३३५, बीएल-सी (२), टॅक, सीएफई २२३ ही सगळी त्याच घाटाची मंडळी. त्यांतली माझी कोणती ते सांगत नाही, कारण पुढे जे झाले त्यात दोष दारूचा नव्हता. निवडीमागे माझी दोन कारणे होती. पहिले कारण वेगाचे: पुस्तकातल्या तक्त्यात तिचा आकडा सर्वांत वरचा होता, आणि नवशिक्याची नजर आधी तिथेच जाते. दुसरे कारण मापाचे, आणि ते आजही मला पटते. दारू मोजण्याच्या यंत्रात वरच्या नळकांड्यातून दारू एका फिरत्या पोकळीत उतरते, दांडा फिरवला की तेवढीच खाली पुंगळीत पडते. गोल दाणे त्यातून पाण्यासारखे वाहतात. दहा मापे टाकून तराजूवर ठेवली तर दशांश ग्रेनाच्या पुढे फरक क्वचितच दिसे. शंभर पुंगळ्या तासाभरात भरून व्हायच्या.

मेळ बसवण्याचे काम मी एप्रिलमध्ये केले. पुस्तकात दिलेल्या किमान वजनापासून सुरुवात केली, अर्ध्या अर्ध्या ग्रेनाने चढत गेलो, वरच्या टोकाजवळ ती पायरी आणखी लहान केली, आणि प्रत्येक पायरीची पाच काडतुसे गावाबाहेरच्या रेंजवर शंभर यार्डांवर उडवून पाहिली. त्या दिवशी हवा पाच अंश सेल्सिअस होती, बोटे गारठलेली होती. तक्त्यातल्या कमाल वजनाच्या अगदी जवळची एक पायरी सुरेख निघाली: पाच गोळ्यांची भोके अंगठ्याच्या नखाखाली झाकतील इतकी जवळ, आणि वेगमापकावर सेकंदाला सुमारे ३,३०० फूट. प्रायमर गोलसर, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) हलका, कुठेही तक्रार नाही. पाच गोळ्यांचा एक ग्रुप ही किती तुटपुंजी साक्ष असते, हे तेव्हा कोणी सांगितले असते तरी मला पटले नसते. मी त्याच वजनाची सहाशे काडतुसे भरून टाकली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी कुरणात गेलो. सकाळचे दोन तास उत्तम गेले. दुपारी सावलीतले तापमान ३८ अंशांवर होते, आणि सावली फक्त गाडीखाली होती. काडतुसांची प्लॅस्टिकची पेटी नेमबाजीच्या घडीच्या टेबलावर, उन्हात, उघडी होती. दीड वाजण्याच्या सुमारास बोल्टचा दांडा वर उचलताना हाताला अडला. पहिल्यांदा मला वाटले, धूळ गेली असेल. पुढच्या काडतुसाला तळहाताने ठोका द्यावा लागला. बाहेर पडलेली पुंगळी चटका बसेल इतकी तापलेली होती. तिच्या बुडावरचा प्रायमर सपाट झालेला होता, आणि पितळेवर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाचा चकचकीत अर्धगोल उमटलेला होता.

जास्त दाबाची ही तिन्ही लक्षणे पुस्तकात चित्रांसह दिलेली असतात आणि ती मी वाचलेली होती. .२२३ साठी दाबाची ठरलेली मर्यादा दर चौरस इंचाला ५५,००० पौंड आहे, आणि बोल्ट अडू लागतो तोवर दाब ती मर्यादा बराच ओलांडून गेलेला असतो. मी रायफल रिकामी करून गाडीत ठेवली आणि घरी परतलो. उरलेली साडेतीनशे काडतुसे नंतर ठोकणीने एकेक करून उघडली. पुंगळ्या आणि गोळ्या परत मिळाल्या, पण त्या कामात दोन शनिवार-रविवार गेले. बुडावर खूण उमटलेल्या पुंगळ्या मी चेचून भंगारात टाकल्या.

झाले काय, हे कळण्यासाठी मला बरेच वाचावे लागले. दारूचा दाणा बाहेरून आत जळत जातो. गोल दाणा जळेल तसतसा लहान होतो, म्हणजे त्याचा जळणारा पृष्ठभाग सुरुवातीला सर्वांत मोठा आणि नंतर कमी कमी होत जातो. भोक असलेल्या शेवईच्या तुकड्यात बाहेरचा पृष्ठभाग आक्रसतो तसा आतला, भोकाचा पृष्ठभाग वाढत जातो, त्यामुळे एकूण ज्वलन बरेचसे समतोल राहते. गोल दाण्याची सुरुवातीची घाई आवरण्यासाठी त्याच्यावर ज्वलन रोखणाऱ्या रसायनाचा लेप जास्त द्यावा लागतो. दारू मुळातच गरम असेल तर ती अधिक वेगाने पेटते आणि गोळी नळीत फारशी सरकण्याआधीच वायूचा दाब चढतो. हा उष्णतेचा परिणाम कमीअधिक प्रमाणात सगळ्याच दारूंवर होतो, पण जुन्या धाटणीच्या गोल दारूंवर तो अधिक होतो. म्हणजे एप्रिलच्या थंडीत कमाल मर्यादेला टेकवून बसवलेला माझा मेळ जुलैच्या उन्हात मर्यादेपलीकडे गेला. त्यातच तापलेल्या नळीत काडतूस घालून मी सावज बिळाबाहेर येण्याची वाट पाहत बसत असे. तेवढ्या वेळात चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीतले, काडतूस आणखी शेकून निघे.

पुढच्या आठवड्यात मी त्याच दारूची, पण पायरी बरीच खाली उतरवलेली, दहा काडतुसे पहाटे आणि दहा दुपारी वेगमापकावरून उडवली. दुपारच्या गोळ्या सत्तरेक फुटांनी जास्त वेगवान निघाल्या. तीनशे यार्डांवर या फरकाने गोळी जेमतेम इंचभर वर लागते. मला हे महत्त्वाचे वाटले, कारण उष्णतेने स्थिर राहणाऱ्या दारूची स्तुती करताना लोक नेहमी नेमाची गोष्ट सांगतात. माझ्या बाबतीत नेमाचे नुकसान नगण्य होते, खरा प्रश्न दाबाचा होता. वजन खाली आणून तीच दारू मी उन्हाळाभर निर्धास्त वापरू शकलो असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकदा हाताखाली बोल्ट अडला की त्या डब्याकडे पाहण्याची नजर बदलते.

दुसऱ्या वर्षी म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो: उष्णतेला दाद न देणारी, लांबट दाण्यांची दारू. २०२० चे ते वर्ष होते. दुकानांतली फळी रिकामी, प्रायमर मिळेनात, आणि जो डबा दिसेल तो लोक उचलून नेत. अनेक आठवडे वाट पाहिल्यावर मला व्हार्गेटचा एक पौंड मिळाला. दारू उत्तमच होती, पण माझ्या कामाला ती जरा सावकाश जळणारी पडली. ७० ग्रेनच्या आसपासच्या जड गोळ्यांना ती अधिक शोभते. माझ्या ५० ग्रेनच्या गोळीमागे पुंगळी मानेपर्यंत भरली तरी पहिल्या दारूचा वेग येईना, आणि गोळी बसवताना खाली दारू करकरल्याचा आवाज येई. वेगाचे मला आता वेड उरलेले नव्हते, तेव्हा हे मी चालवून घेतले असते.

चालवून घेता आले नाही ते माप. लांबट दाणे मोजणीच्या यंत्रातल्या पोकळीच्या कडेवर आडवे येतात आणि दांडा फिरवताना कचकन तुटतात. एक माप तिळभर कमी, पुढचे तिळभर जास्त. त्याहून वाईट म्हणजे .२२३ च्या पुंगळीचे तोंड अरुंद असल्यामुळे दाणे फनेलच्या नळीत एकमेकांत अडकून कमान करतात. तशी कमान झाली की एका पुंगळीत निम्मीच दारू पडते, आणि धक्का लागून ती कमान मोडली की उरलेली निम्मी पुढच्या पुंगळीच्या काठावरून टेबलावर सांडते. सांडलेली दिसते तरी. अर्धवट भरलेली पुंगळी पन्नासांच्या ठोकळ्यात सहज नजरेतून सुटते. गोळ्या बसवण्याआधी प्रत्येक ठोकळ्यावर विजेरी धरून सगळ्या पुंगळ्यांतली दारूची पातळी पाहण्याची सवय मला तेव्हा लागली. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, हा नियम त्याही आधीपासून होता.

शेवटी मी प्रत्येक माप तराजूवर तोलू लागलो. एका काडतुसाला मिनिटभर धरले तरी एका दिवसाच्या शिकारीसाठी अडीचशे काडतुसे भरायला चार तासांहून अधिक वेळ नुसता तोलण्यात जाई. २८० काडतुसांच्या त्या पहिल्या हिशेबाचा अर्थ मला इथे उमगला. हरणाच्या शिकाऱ्याला वर्षाची वीस काडतुसे तोलून भरणे हा विरंगुळा असतो. मला हंगामात दीड हजार लागतात. माझ्यासाठी दारू यंत्रातून कशी उतरते हा गुण तिच्या वेगाइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा होता, आणि उष्णतेतला स्थिरपणा त्याच्या बरोबरीचा. तक्त्यात या दोन्हींसाठी रकाना नसतो.

गरज अशी नेमकी कळल्यावर निवड सोपी झाली. शेवयांच्या घाटाचीच, पण फार आखूड कापलेल्या दाण्यांची दारू हवी, आणि ती हलक्या गोळीला पुरेशी लवकर जळणारी हवी. या वर्णनात बसणाऱ्या तीनचार दारू आहेत. फिनलंडच्या व्हिताव्हुओरीची एन १३३ बेंचरेस्टचे (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणारे) नेमबाज डोक्यावर घेतात, पण आमच्या गावात ती नियमित मिळत नाही, आणि मिळाली तर महाग पडते. हॉजडनची बेंचमार्क आणि आयएमआर ८२०८ एक्सबीआर या उरल्या. दुसरीच्या डब्यावर आयएमआर हे जुने अमेरिकी नाव असले तरी तीही ऑस्ट्रेलियातूनच येते. २०२१ च्या वसंतात ज्या आठवड्यात मी दुकानात गेलो त्या आठवड्यात फळीवर ८२०८ होती, म्हणून ८२०८. बेंचमार्क असती तर हा परिच्छेद तिच्याविषयी झाला असता.

या वेळी काम उलट्या क्रमाने केले. आधी यंत्रातून पन्नास मापे टाकून तोलली; गोल दाण्यांइतका गुळगुळीतपणा नव्हता, पण फरक दशांश-दीड दशांश ग्रेनाच्या आत राहिला आणि फनेलमध्ये एकदाही कमान झाली नाही. मग मेळ बसवला तो जुलैमध्ये, भर दुपारी, काडतुसे तासभर उन्हात ठेवून. ग्रुपही पाच गोळ्यांचे न घेता दहांचे घेतले. ते अर्थातच मोठे दिसतात आणि अहंकाराला बरे वाटत नाहीत. पण त्यांतून दिसले असे की मधल्या तीन पायऱ्यांमध्ये सांगण्याजोगा फरकच नाही. त्या तिघींतली सर्वांत खालची मी घेतली. पहिल्या वर्षीच्या मेळापेक्षा तिचा वेग शंभरेक फुटांनी कमी आहे, आणि प्रेअरी डॉगला तो फरक कधी कळलेला नाही. कुरणात काडतुसे आता पांढऱ्या झाकणाच्या थंडपेटीत, बर्फाशिवाय, नुसती सावलीला ठेवतो. सावज दिसल्याखेरीज चेंबरमध्ये काडतूस घालत नाही. आणि वीसेक गोळ्या झाल्या की नळीला हात लावून पाहतो. हात ठेववत नसेल तर बोल्ट उघडा टाकून पाणी प्यायला उठतो.

गेल्या महिन्यात जुना डबा संपत आला म्हणून त्याच दारूचा आठ पौंडांचा मोठा डबा आणला, आणि कौतुकाने अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, “लॉट कुठला?” मी दोन्ही डब्यांवरचे आकडे वाचून दाखवले. ते वेगळे होते, म्हणजे दारू वेगवेगळ्या घाण्यांची होती. “मग तुझं जुनं वजन विसर. दोन पायऱ्या खालून सुरुवात कर,” असे सांगून त्यांनी फोन आईकडे दिला. नवी पहिली वीस काडतुसे त्याप्रमाणे भरून ठेवली आहेत. शनिवारी दुपारी ऊन चढल्यावर रेंजवर जायचे आहे.